गहू भिजवू का?

गुलटेकडीच्या उतारावर, मार्केट यार्डाच्या पाठीला पाठ लावून ‘सुप्रभात’ नावाची एक जुनी सोसायटी उभी आहे. तिथली पहाट कोंबड्याच्या आरवण्याने होत नाही. ती होते कोथिंबिरीच्या वासाने, टेम्पोच्या हॉर्नने आणि ‘सरक की रं मागं’ या हाकेने. लिफ्टशेजारच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. त्याच्या वरच्या अर्ध्या भागावर सेक्रेटरी माधवराव लेल्यांची सत्ता आणि खालच्या अर्ध्या भागावर वासंतीबाईंची.

वर माधवराव लिहीत, ‘गुरुवारी पाणी बंद राहील. खडकवासला भरलेला असला तरी टाकी सोसायटीचीच आहे, याची आठवण ठेवावी.’

खाली वासंतीबाई लिहीत, ‘अंशतः ढगाळ. दुपारनंतर तुरळक ठिकाणी गडगडाटासह हलक्या सरींची शक्यता.’

आणि मग केव्हातरी, कुणी बघत नसताना, माधवरावांचा खडू खालच्या हद्दीत उतरे: ‘छत्री न्यावी किंवा कसे, याचा खुलासा वासंतीबाई करतील. दुपारी एक ते चार विचारू नये.’

वासंतीबाईंची उभी नोकरी वेधशाळेत गेली. उन्हापावसाची हजेरी घ्यायची, वाऱ्याची दिशा टिपायची, आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी अडवलेत ते सांगायचं. या कामात त्यांचे केस पिकले. बाकीच्या बायकांच्या हाताला जशी मिठाची चिमूट कळते, तशी त्यांच्या हाताला ‘शक्यता’ कळत असे. प्रत्येक वाक्यात ती बेताने पडायचीच. शक्यता घातली की वाक्य नासत नाही, आणि लिहिणारा खोटाही पडत नाही. निवृत्तीनंतर वेधशाळा सुटली. शक्यता मात्र त्यांच्याबरोबर घरी आली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत त्यांच्या सोबतीला राहिली.

त्यांच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर इंदुबाई राहायच्या. मूळच्या यवतमाळकडच्या. मुलगा सुदर्शन इकडे कंपनीत लागला, त्याने घर घेतलं आणि आईला आणलं. गावचं घर बंद झालं; इंदुबाईंचं तोंड मात्र बंद झालं नाही. भांडी घासताना, पोळ्या लाटताना, नुसतं गॅलरीत उभं राहतानाही त्या ओव्या म्हणत. दोन ओळींची एक ओवी, आणि जिथे बसली तिथे नवी. खाली खुर्चीत बसलेल्या वासंतीबाईंच्या अंगावर त्या ओव्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या थेंबांसारख्या पडत राहायच्या.

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी या इंदुबाई दारात उभ्या. पदराच्या टोकात काहीतरी बांधलेलं.

“ताई, एक विचारू का जी?”

“विचारा की. आत तरी या.”

आत आल्या, खाली बसल्या, पदर सोडला. ओंजळभर गहू. लांबट, पिवळाधमक, पुण्याच्या दुकानात दिसत नाही असा.

“गहू भिजवू का?”

वासंतीबाईंना हसू आलं. “अहो, मला काय विचारता? मला कुरडया तळायच्या कळतात. करायच्या कशा, ते तुम्हालाच ठाऊक.”

“कुरोड्या करता येतात मले. मी आभाळाचं विचारून राहिली.”

मग सगळं उलगडलं. नातीचं, प्रियदर्शनीचं लग्न महिनाअखेरीला. लग्नात नवरीकडून रुखवत मांडायचं असतं. आई-आजीच्या हातचं, घरात केलेलं जे जे असेल ते पाटावर सजवून पाहुण्यांपुढे ठेवायचं. इंदुबाईंच्या गावी रुखवतावरून घर ओळखत. इथे मात्र सुदर्शनच्या बायकोने एका दुकानात तयार रुखवत सांगून टाकलं होतं. थर्माकोलचं तुळशीवृंदावन, मण्यांचा गणपती, आणि वर रंगीत कागद लावलेल्या कुरडयांची परडी.

“पियू म्हणते, आजी, ऑनलाइन मिळतात, चिल कर. मी म्हटलं, सारं घ्या विकतचं. एक ताट माझं राहू द्या. एकच. गुलाबी अन् हिरव्या कुरोड्या घालीन.” इंदुबाईंनी ओंजळीतले गहू बोटाने सारखे केले. “हा आपल्या वावरातला शेवटचा गहू हाय ताई. वावर आता दुसऱ्यानं केलं. एका डावापुरताच आणला होता संगं. बिघडला, तं पुन्हा कुठून आणू?”

“पण मग भिजवा ना. अडचण काय?”

“तीन दिवस भिजते जी तो. रोज पाणी बदला लागते. मंग वाटायचा, चीक काढायचा, रात्रभर ठेवायचा, चवथ्या दिवशी पहाटे शिजवायचा. आज भिजवला तं शुक्रवारी कुरोड्या. एकदा भिजवला का थांबता येत नाही. चीक वाट पाहत नाही, आंबते. अन् शुक्रवारी पाणी आलं, तं सारा लगदा.”

“फ्रिजमध्ये—”

“पियूनंही हेच सांगितलं. एवढा मोठा गंज फ्रिजात मावते का? मावला तं पियूचं सारं सामान बाहेर काढा लागेल.”

वासंतीबाईंनी चष्मा लावला, फोन उघडला. नकाशे पाहिले, वाऱ्याचे बाण पाहिले, बाष्पाचे हिरवे-निळे डाग पाहिले. मेचा महिना, दुपारी तापायचं आणि संध्याकाळी वळीव उठायचा, हे दिवसच तसे. त्यांनी शब्द तोलून मांडले.

“शुक्रवारी साधारण चाळीस टक्के शक्यता दिसते.”

“म्हंजे?”

“म्हणजे... पडेलही, नाहीही. नाही पडण्याकडे थोडा कल जास्त.”

इंदुबाईंनी मान डोलावली. फार मनापासून विचार केल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाल्या, “मंग चाळीस टक्के गहू भिजवू का?”

हे त्या थट्टेने म्हणाल्या की खरंच विचारत होत्या, ते वासंतीबाईंना कळलं नाही. इंदुबाईंनी गहू पुन्हा पदरात बांधला. “राहू द्या जी. संध्याकाळवरी सांगा. दिवस मावळायच्या आत पाण्यात पडला म्हंजे झालं.”

त्या गेल्या, आणि जमिनीवर गव्हाचा एक दाणा राहिला.

दिवसभर तो दाणा वासंतीबाईंच्या डोळ्यांपुढे होता. उचलून त्यांनी तो वाटीत टाकला, तरीही होता. एवढी वर्षं त्यांनी अख्ख्या जिल्ह्यांना पाऊस सांगितला. पण जिल्हा कधी पदरात गहू बांधून दारात आला नव्हता. ‘तुरळक ठिकाणी’ म्हटलं की कुणाचंही ठिकाण नसतं. आणि इथे ठिकाण एकच होतं, सहा मजल्यांच्या वरची गच्ची. दिवस एक, ताट एक.

दुपारचा चहा झाल्यावर त्या गुडघ्याला हात लावून एक जिना चढून वर गेल्या. इंदुबाई दारातच भेटल्या.

“इंदुबाई, मला हे सांगा. कुरडईला ऊन किती वेळ हवं?”

“दोन दिवस कडक.”

“तसं नाही. पावसापासून पळवता येईल, इतकी ती केव्हा होते?”

इंदुबाई थबकल्या. हा प्रश्न त्यांनाही कुणी विचारला नव्हता. “ओली असते तवा हात लावता येत नाही. कपडा उचलला तं मधात झोळ पडते, साऱ्या एकमेकीत जातात. पण बूड सुटलं का सुटी उचलता येते. मंग घरात पंख्याखालीही वाळते. उजाडता-उजाडता घातल्या, तं दुपारच्या जेवणावरी सुटते.”

“दुपारच्या जेवणापर्यंत.”

“हाव.”

वळीव म्हणजे दुपारभर तापलेल्या जमिनीचा राग. तो जेवणाआधी सहसा उठत नाही. वासंतीबाईंनी तोंड उघडलं. नेहमीचा शब्द जिभेवर आला होता. त्यांनी तो गिळला.

“भिजवा,” त्या म्हणाल्या.

इंदुबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आत गेल्या आणि नळ सोडल्याचा आवाज आला. वासंतीबाई कठडा धरून खाली उतरल्या. वर्गात उत्तर येत नसताना हात वर केलेल्या मुलीसारखं त्यांना वाटत होतं.

मंगळवारी काही नव्हतं. बुधवारी वरून एक आंबूस, ओला वास उतरू लागला. गुरुवारी तो जिन्यात आला, लिफ्टमध्ये आला आणि फळ्यावरही आला: ‘इमारतीत येणारा वास गॅसचा नसून गव्हाचा आहे. कृपया गॅसवाल्यास बोलावू नये. — सेक्रेटरी.’ संध्याकाळी वर मिक्सर घरघरत राहिला. वासंतीबाई दर थोड्या वेळाने नकाशे बघत होत्या आणि दर वेळी तेच दिसत होतं. आपण शब्द दिला की आभाळ एवढं मोठं का होतं, ते त्यांना कळेना.

शुक्रवारी उजाडलं ते स्वच्छ. पहाटेच सुदर्शनने शिजलेल्या चिकाचं ते मोठं पातेलं धरून वर नेलं आणि ‘आई, मीटिंग आहे’ म्हणत तो पळाला. गच्चीवरून सोऱ्याचा करकर आवाज आणि त्यावर इंदुबाईंचा गळा खाली येऊ लागला:

ऊन माझा भाऊ, वारा माझा दीर,
रुखवताच्या दिवशी दोघं धरा थोडा धीर.

वासंतीबाई वर गेल्या नाहीत. लिफ्ट सहाव्यापर्यंतच जाते. पुढचा जिना उंच पायऱ्यांचा. गुडघ्यांनी तो जिना सोडून दोन वर्षं झाली होती. त्यांनी खाली जाऊन फळ्यावर लिहिलं, ‘दुपारपर्यंत कोरडं.’ बस, एवढंच. दूध घेऊन परत येईपर्यंत खाली भर पडली होती: ‘वासंतीबाईंची प्रकृती बरी आहे ना? एक शब्द कमी दिसतो.’

मग त्या गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. ही गॅलरी पूर्वेकडची. या दिवसांतला वळीव पूर्वेकडूनच येतो, दिवेघाटाच्या अंगाने. पूर्वी इथे बसलं की घाटाची निळसर कड दिसायची. आता समोर एक टॉवर उभा राहिला होता, वरपासून खालपर्यंत काचांचा. चकचकीत काचा, आणि काचांत आभाळ. वासंतीबाई त्या आभाळाकडे बघत बसल्या. निळं. थोडं पांढरं. निळं. आठांतला एक भागही ढगाचा नाही. त्यांचे खांदे हळूहळू सैल झाले. सकाळ चढत गेली. त्यांनी भाताचा कुकर लावला, कैरीचं पन्हं केलं आणि पुन्हा येऊन बसल्या. काचा निळ्याच.

दूर कुठेतरी ट्रक गडगडत गेला. मग आणखी एक. यार्डात काय, ट्रक चालायचेच.

खाली रस्त्यावर एक आरोळी उठली, “ताडपत्री टाका रं! टाका लौकर!”

वासंतीबाईंनी वाकून पाहिलं. वळणावर उभ्या टेम्पोंवर हमाल चढले होते. कांद्याच्या गोण्यांवर ताडपत्र्या पसरत होत्या, दोर आवळत होते. वर एवढं निळं असताना? वेडे झाले की काय हे?

त्यांनी टॉवरकडे पाहिलं. निळं. आणि त्या निळ्यात, अगदी खालच्या कोपऱ्यात, एक लहानशी टेकडी होती. टेकडीवर देवळाचं शिखर.

पर्वती.

पर्वती पश्चिमेला. म्हणजे त्यांच्या पाठीमागे.

सकाळपासून त्या पूर्वेकडे तोंड करून पश्चिमेचं आभाळ बघत होत्या. टॉवरने पूर्व झाकली होती आणि तिच्या जागी आरसा धरला होता. ज्या बाईने उभा जन्म ढग मोजले, ती काचेपुढे फसली होती.

त्यांनी कुकर बंद केला, चपला तशाच ठेवल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं. सहाव्यावर उतरून जिन्यासमोर उभ्या राहिल्या. एक पायरी, मग दुसरा पाय त्याच पायरीवर. एक पायरी, मग दुसरा पाय. वरून उजेड येत होता; पण तो पिवळा नव्हता, राखाडी होता.

गच्चीवर चारी कोपऱ्यांना विटा ठेवून जुनी सुती लुगडी अंथरली होती. त्यावर ओळीने कुरडया, गुलाबी आणि हिरव्या, चाफेकळ्यांची चक्रं मांडावीत तशा. इंदुबाई मधोमध उकिडव्या बसलेल्या. प्रियदर्शनी सुट्टी काढून आली होती, कानातलं गाण्याचं यंत्र काढून खिशात टाकत होती. आणि टॉवरच्या पलीकडे, घाटावरून, काळ्या दगडाचा डोंगर उभा राहावा तसा ढग उभा होता.

“ताई!” इंदुबाई म्हणाल्या. पायांकडे पाहून म्हणाल्या, “अनवाणी आल्या?”

“सुटतात का?”

इंदुबाईंनी एका कुरडईखाली नख घातलं. कड सुटली, बूड मात्र कपड्याला चिकटून राहिलं. “थोडं राहिलं जी. अजून थोडंसं.” मग वर पाहिलं. “काढू का?”

“आजी, काढ ना, अगदी वर आलाय तो,” प्रियदर्शनी म्हणाली. “तुटल्या तरी चालतील. आपण ग्लूने—”

“गप बस.”

टाकीचं झाकण लावायला माधवराव वर आले होते. त्यांनी ढग पाहिला, कुरडया पाहिल्या आणि वासंतीबाईंना पाहिलं. “वा! दुपारपर्यंत कोरडं. घड्याळ कुठलं धरायचं, आमचं की आपलं?”

वासंतीबाईंनी पदराचं टोक हवेत सोडलं. ते पूर्वेकडे, ढगाकडेच उडालं. वारा गरम होता आणि तो पश्चिमेकडून ढगाकडे चालला होता.

“काढू का जी?” इंदुबाईंनी पुन्हा विचारलं. आवाज तोच, सोमवारचा.

“थांबा,” वासंतीबाई म्हणाल्या. “तो अजून श्वास आत घेतोय. आपल्याकडचा वारा ओढतोय. श्वास सोडेल तेव्हा गार वारा उलटा येईल. तोवर आपला वेळ आहे.”

“आणि त्याने एकदम शिंकलं तर?” माधवराव.

“तर तुम्ही फळ्यावर लिहा. आता ती ताटं हातात घ्या आणि जिन्यापाशी उभे राहा.”

माधवरावांना सोसायटीत कुणी असं सांगितलं नव्हतं. त्यांनी ताटं घेतली.

ढगात आतल्या आत वीज हलली. यार्डातला गलका थांबला. पदर अजून पूर्वेकडे उडत होता, पण हळू. मग तो खाली आला आणि अंगाशी लागून लोंबला. हवा पडली. पान हलेना. वासंतीबाईंच्या मानेवर घामाचा एक थेंब हळूहळू खाली गेला. इंदुबाई नखाने एकेक बूड चाचपत होत्या. ओठ हलत होते, ओवी नव्हती.

आणि मग कपाळाला गार लागलं.

“आता!” वासंतीबाई ओरडल्या. “उचला!”

इंदुबाईंचा हात खाली गेला आणि पहिली कुरडई अख्खी वर आली. देठापासून फूल यावं तशी. दुसरीही. तिसरीचं एक वेटोळं तुटलं. प्रियदर्शनी गुडघ्यांवर रांगत होती, वासंतीबाई वाकता येत नव्हतं तरी वाकत होत्या. माधवराव भरलेली ताटं जिन्यात नेत आणि रिकामी आणत, “सावकाश, गुलाबीवर हिरवी नको” असं बजावत. पदर आता पश्चिमेकडे फडफडत होता. लुगडी विटांखालून सुटू पाहत होती. शेवटचं ताट आत गेलं आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

जिन्याच्या पायऱ्यांवर सगळे बसले, मांड्यांवर ताटं घेऊन. दाराला वारा धडका देत होता. त्यांनी थेंबांची वाट पाहिली.

पाहिली. आणखी पाहिली.

धडका थांबल्या. दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत आली आणि माधवरावांच्या पायावर पडली. त्यांनी दार उघडून डोकावलं.

“वासंतीबाई, आपला पाऊस हडपसरला उतरलेला दिसतो. पत्ता चुकला असावा.”

गच्ची कोरडी ठणठणीत होती. ढग टॉवरच्या डाव्या अंगाने सरकून लांब गेला होता आणि तिकडे राखाडी पडदा सोडत होता. वासंतीबाई दारात उभ्या राहिल्या. सगळ्यांना पळवलं, ते उगाचच. दिलेला शब्द खरा ठरला होता, आणि तरी त्यांचं तोंड उतरलं.

“इंदुबाई, मी तुम्हाला फुकट—”

“काय फुकट?” इंदुबाईंनी त्यांच्या मांडीवरचं ताट उचललं आणि पुन्हा उन्हात नेऊन ठेवलं. “तो आला असता, तं? अन् तुम्ही थांबा म्हटलं नसतं, तं मी मघाच ओरबाडल्या असत्या. पियूनं ग्लू आणला असता.” त्या हसल्या. एकेक कुरडई पुन्हा लुगड्यावर मांडू लागल्या, आता उलटी करून, बूड वर. मांडता मांडता ओवी बसली:

ढग माझा सासरा, येतो न सांगता,
दारावरून गेला बाई, पाणी न मागता.

“आजी, पुन्हा म्हण, रेकॉर्ड करते,” प्रियदर्शनी म्हणाली.

“ओवी पुन्हा म्हणत नसतात. दुसरी म्हणीन. ते ताट आण इकडे, रुखवत तुझं हाय का माझं?”

प्रियदर्शनीने ताट आणलं, आणि आजीशेजारी बसून तीही उलट्या कुरडया मांडू लागली. तुटलेली एक माधवरावांनी कुणाला न विचारता तोंडात टाकली. अर्धी ओली होती. त्यांनी ती शांतपणे चावली आणि मत राखून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वासंतीबाई खडू घेऊन फळ्यापुढे उभ्या राहिल्या. वरच्या अर्ध्या भागावर माधवराव लिहून गेले होते: ‘गच्चीवर रुखवत वाळत आहे. चव पाहणाऱ्याने आहेर करावा.’

खालचा अर्धा भाग पुसून कोरा ठेवला होता. वासंतीबाई गच्चीवर जाऊन आभाळ पाहून यायचं ठरवूनच घरून निघाल्या होत्या. ते आधीच करून आल्या होत्या, एक पायरी, मग दुसरा पाय करत. पूर्वेकडे घाटाची कड लख्ख होती.

त्यांनी लिहिलं, ‘आज पाऊस नाही.’

पुढे थोडी जागा उरली. सवयीने खडू तिथे गेला, टेकला, एक पांढरा ठिपका उमटला. त्यांनी तो बोटाने पुसला, हात झटकला आणि लिफ्टचं बटण दाबलं. वर कुरडया उलटायच्या राहिल्या होत्या.